खार चालते

अकोल्यात रसायनशास्त्राचे मास्तर पैशाला पासरी मिळतात, पण जीवन सरांसारखा एखादाच, असं त्यांची बारावीची पोरं म्हणत. आणि पोरं म्हणत त्याहून थोडं जास्तच ते जीवन सरांना स्वतःला वाटे. अणूंचे बंध शिकवणं हा त्यांच्या हातचा मळ होता. सोडियमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो त्याला जड झालेला. क्लोरिनच्या घरात एकाचीच उणीव. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, देणाऱ्यावर धन भार आला, घेणाऱ्यावर ऋण, आणि दोघं एकमेकांना जे घट्ट धरून बसले त्याचं नाव मीठ. "कन्यादान समजा," सर म्हणत. मुलं हसत, मुली हसत नसत, आणि सरांच्या ते कधी लक्षात येत नसे.

मग ते सोडियमच्या भावकीवर येत. पोटॅशियम हा सोडियमच्याच घराण्यातला, एक पिढी पुढचा. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोघांचा स्वभाव सारखा. "पण शरीर ह्या दोघांत गल्लत करत नाही बरं का. पेशीच्या आत पोटॅशियम, बाहेर सोडियम. पेशीच्या भिंतीत पंप बसवलेले आहेत, ते तीन सोडियम बाहेर काढतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. जन्मभर हेच काम. ह्या आत-बाहेरच्या फरकावर तुमचं हृदय चालतं. फरक मिटला की हृदय थांबलं." हे शेवटचं वाक्य ते हातावरची खडूची पूड झटकत म्हणत. थांबलेलं हृदय त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं.

आता वर्गाबाहेर पडल्यावर त्यांना सर म्हणायचं कारण नाही. घरी तो साधा जीवन होता, दीपमालाचा नवरा आणि खुशालरावांचा जावई.

खुशालरावांची अंजनगावच्या बाजूला माळव्याची शेती. मेथी, वांगी, झेंडू आणि कडेने केळीची बाग. माणूस काटक, पण साखरेच्या आजाराने आतून पोखरला गेला आणि दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले. अकोल्यात डायलिसिसची सोय झाली, जावयाचं घर जवळ होतं, म्हणून नवरा-बायको लेकीकडे राहायला आले. आले म्हणजे सुखासुखी आले नाहीत. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून चार घास खावेत, मुक्काम करून खाऊ नये, असा जयवंताबाईंचा नियम. येताना त्यांनी घरची तुरीची डाळ आणली, ज्वारी आणली, तिखट आणलं, आणि फडक्याने तोंड बांधलेली एक चिनीमातीची बरणीही आणली. त्यात लोणचं असेल असं जीवनला वाटलं. दोन वेळचा स्वयंपाक त्या स्वतः करत, आपल्या डब्यांतलंच शिजवत.

दुसरा नियम आणखी कडक होता. जावयाशी तोंड वर करून बोलायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जयवंताबाईंना जीवनला काही सांगायचं असलं की त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराच्या चौकटीला सांगत, "दीपे, जवाईबापूले म्हणावं, ताट वाढलं." जवाईबापू समोरच बसलेले असत. जीवनला ह्या प्रकाराचं हसू येई आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटे. एवढा मान त्याला कॉलेजातले शिपाईसुद्धा देत नव्हते.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पथ्य सांगितलं होतं. मीठ जवळजवळ बंद. केळी, नारळपाणी, बटाटा, टमाटे, सगळं बंद. जयवंताबाईंनी ते शब्दाला शब्द पाळलं. ज्याच्या घरी केळीची बाग त्या माणसाने केळ्याकडे बघणं सोडलं. पण मिठावाचून खुशालरावांचा जीव कासावीस झाला. ठेचा-भाकरीवर वाढलेला माणूस तो. अळणी वरणाचा पहिला घास तोंडात घेतला की त्यांचे डोळे भरून येत.

"हे वरण आहे का गायीपुढचं पाणी?" ते ताट सरकवत. "मशीनवर मारा मले, पण असं उपाशी नका मारू."

बायको काय करणार? ती ताट उचलून आत नेई, तेच वरण स्वतः खाई, आणि भांडी घासताना रडे. खुशालरावांच्या गालाची हाडं वर आली. मशीन रक्त धुऊन देत होतं, पण अंगात बळ राहायला पोटात अन्न जावं लागतं, ते जात नव्हतं.

एका दुपारी दीपमाला बाजारात गेली होती, खुशालराव आत झोपले होते, आणि जीवन पुढच्या खोलीत मोबाईल घेऊन बसला होता. 'रासायनिक बंध' ह्या आपल्या पाठाचा व्हिडिओ तो पोरांसाठी तयार करत होता. दोन्ही कानांत स्वतःचाच आवाज. त्यामुळे चौकटीशी जयवंताबाई येऊन उभ्या राहिल्या, दोनदा खाकरल्या, तरी त्याला कळलं नाही. शेवटी बाईंनी कधी केलं नव्हतं ते केलं. पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघत, पण सरळ त्यालाच हाक मारली.

"जवाईबापू."

त्याने एका कानातली बोंडी काढली.

"मीठ नाही तं नाही. पण यायच्या वरणात खार टाकला तं चालते का?"

खार म्हणजे पापडखार, पापडखार म्हणजे सोडा, हे गणित जीवनच्या डोक्यात निमिषात सुटलं. खुशालरावांना डॉक्टरांनी सोड्याच्याच गोळ्या दिल्या होत्या, त्या जीवनच आणून देत होता. मूत्रपिंडं गेली की रक्तात आम्ल साठतं, ते सोड्याने मारायचं. त्याला आपल्या उत्तराचं कौतुकही वाटलं.

"चालते की, मामी. डॉक्टरच गोळ्यातून खार देऊन राहिले त्यायले. खारानं फायदाच आहे."

आणि बोंडी परत कानात गेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कशाचा खार, केवढा, कितीदा, एवढं तरी विचारायचं होतं. सोड्यातही सोडियम असतं, हे तरी आठवायचं होतं. एखाद्या पोराने इतकं मोघम उत्तर पेपरात लिहिलं असतं तर ह्याच सरांनी लाल पेनने गुण कापून वर शेरा मारला असता. पण प्रश्न सासूने विचारला होता, स्वयंपाकघरातला होता, आणि स्वयंपाकघरातल्या प्रश्नाला कोण एवढं डोकं लावतं?

बाई समाधानाने आत गेल्या. त्यांच्या माहेरी पापडाला बाजारचा खार कधी आला नाही. केळीचा घड उतरवला की उरलेलं खोड चिरून वाळवायचं, जाळायचं, ती राख रात्रभर पाण्यात भिजवायची, आणि सकाळी वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. त्याला त्या खार म्हणत. त्यांच्या आईनेही तेच म्हटलं होतं. बरणीत तोच होता.

त्या संध्याकाळपासून घराचा रंग पालटला. खाराच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली. मिठाची चव काही आली नाही, पण जिभेला काहीतरी लागलं. खुशालरावांनी वरण-भाकरी चुरून खाल्ली आणि वाटी परत पुढे केली. "आता कसं माणसाचं जेवण झालं," ते म्हणाले. जयवंताबाई पदराआड हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खार थोडा वाढवला, पालकाच्या भाजीतही घातला, आणि पुढे ताकातही. नवरा जेवतोय हे बघण्यातच त्यांचं पोट भरत होतं. दीपमालाला वाटलं, बाबांना डायलिसिस मानवलं. जीवनला काहीच वाटलं नाही, कारण तो ते बोलणं विसरूनही गेला होता.

मे महिन्यातलं अकोलं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच माहीत. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशात खुशालराव म्हणाले, "पाय लय जड झाले," तर कोण मनावर घेणार? सगळ्यांचेच पाय जड झाले होते. रविवारी सकाळी ते चूळ भरायला उठू लागले आणि उठताच आलं नाही. पायांनी ऐकणंच सोडलं. खुर्चीतून घसरून ते जमिनीवर बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "अथी पाखरू फडफडून राहिलं." जीवनने नाडी बघितली. एक ठोका लागला, आणि दुसऱ्याची वाट बघावी लागली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि ती बघताच नर्सला हाका मारायला लागल्या. पट्टीवरच्या लाटा तंबूसारख्या टोकदार वर गेल्या होत्या आणि एकमेकींपासून लांब लांब पडत चालल्या होत्या.

"पोटॅशियम प्रचंड वाढलंय," त्या म्हणाल्या. "कुठून आलं? काय खाल्लं यांनी? केळी? नारळपाणी?"

"केळाचा तुकडा बी नाही, बाई," जयवंताबाई हात जोडून म्हणाल्या. "बागेतले घड झाडावर पिकून गेले. यायनं वास बी नाही घेतला."

दीपमालाने मान हलवली. जीवननेही हलवली, आणि ते त्याला अगदी खरं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. जीवनला कळत होतं ते कशासाठी. त्याने रक्तातलं पोटॅशियम कमी होत नाही, फक्त हृदयाला घटकाभर तग धरता येतो. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जावं. हे सगळं त्याला पाठ होतं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावरची रेघ रुंद झाली, लोळली, आणि सरळ झाली.

त्याला बाहेर काढायला कोणी मोकळं नव्हतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. दवाखान्यातला एक उंच पोरगा पलंगावर गुडघा टेकवून खुशालरावांची छाती दाबत होता, आणि दर दाबाबरोबर म्हाताऱ्याचे पाय हलत होते. त्या पायांच्या भेगांत अजून बागेतली काळी माती होती. आत-बाहेरचा फरक मिटला, एवढंच जीवनच्या मनात येत राहिलं, आणि तेच वाक्य आपण कसल्या थाटात म्हणतो ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

रेघ परत उठली. आधी एक वेडावाकडा डोंगर, मग दुसरा. डॉक्टरीणबाईंनी कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "मशीनवर घ्या. लगेच."

दुपारपर्यंत पोटॅशियम उतरायला लागलं. खुशालरावांनी डोळे उघडले, बायकोला ओळखलं. संध्याकाळी थोडं पातळ काही खायला द्या म्हणून सांगितल्यावर जयवंताबाई तशाच उठल्या, ऑटो करून घरी गेल्या. डायलिसिसला थंडी वाजते म्हणून दीपमालाने घोंगडी मागितली, ती आणायला तासाभराने जीवनही निघाला. तो पोचला तेव्हा बाई डबा भरून दवाखान्याकडे निघूनही गेल्या होत्या.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तर ओट्यावर ती बरणी उघडी होती. लोणच्याचा वास आला नाही म्हणून त्याने वाकून बघितलं. पाण्यासारखं काहीतरी, जरा पिवळट, आणि तळाशी काळा गाळ. शेजारी वाटी, वाटीत गाळायचं फडकं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. साबणासारखं बुळबुळीत, खारट-कडवट. बोटाला राखेचा वास होता.

मग त्याला सगळं एकदम कळलं, आणि कळलं ते त्याच्याच तोंडच्या शब्दांनी. दर जूनमध्ये तो पोरांना सांगत असे: पूर्वी लोक झाडांची राख मडक्यात भिजवायचे, ते पाणी आटवायचे. इंग्रजीत मडक्याला पॉट, राखेला ॲश. त्यावरून पोटॅश, आणि पोटॅशवरून पोटॅशियम. वर्ग खूश होई. केळ्यात पोटॅशियम असतं म्हणून केळं बंद केलं होतं, आणि केळीचं अख्खं खोड जाळून, त्यातलं पाणी उडवून लावून, नेमकं तेवढंच काढून रोज म्हाताऱ्याच्या पोटात गेलं होतं. ते बाहेर टाकायला त्याच्याकडे मूत्रपिंडं नव्हती.

"खार टाकला तं चालते का?" आणि "चालते की, मामी." दोन्ही आवाज त्याला आता स्वच्छ ऐकू आले.

पाठोपाठ डबा आठवला. त्याने दीपमालाला फोन लावला.

"मामी पोचल्या का? तो डबा मामाजीले देऊ नको. एक घास बी नको. त्यात खार आहे, केळीच्या राखेचा. सगळं पोटॅशियम त्यातूनच गेलं."

"कोणी टाकला?" दीपमालाने विचारलं.

"मामींनी," तो म्हणाला. पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते त्याने गिळलं आणि फोन ठेवला.

तो घोंगडी घेऊन दवाखान्यात आला तेव्हा खुशालरावांचा मुलगा गोवर्धन अमरावतीहून येऊन पोचला होता. गोवर्धनचं तिथे भाजीचं दुकान, बायका-पोरं तिथेच, आणि डोकं बापासारखं तापट. तो बाहेरच्या पडवीत आईसमोर उभा होता. डबा बाकावर होता, बंद.

"माणूस मेला होता, आई. मेला होता तो. कोणाले इचारून टाकला खार?"

जयवंताबाईंना दारातून येणारा जावई दिसला. त्यांनी पदर पुढे ओढला.

"कोणालेच नाही," त्या म्हणाल्या. "माह्या मनानंच टाकला."

"घरात एवढे शिकलेले भाऊजी आहेत, केमिस्ट्रीचे मास्तर. त्यायले एका शब्दानं इचारता नाही आलं तुले?"

"त्यायले काय इचाराचं? स्वयंपाकातलं त्यायले काय समजते?"

जीवनने तोंड उघडलं. गोवर्धन त्याच्याकडे वळला, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि रडायला लागला. "भाऊजी, तुमी ओयखलं म्हणून बाप वाचला माहा." तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनाही राखेच्या पाण्याचं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही ओळखलंत हे फार बरं झालं. आम्ही शोधत बसलो असतो." आणि जीवन, जो वर्गात एका श्वासात चार प्रश्नांची उत्तरं देत असे, तो मान खाली घालून उभा राहिला. मामाजी आधी घरी येऊ देत, मग सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला उद्याचा दिवस नेहमीच जास्त सोयीचा वाटतो.

खुशालराव घरी आले. तोवर जयवंताबाईंनी चुलीकडे जाणं सोडलं होतं. बरणी त्यांनी स्वतःच्या हाताने मोरीत रिकामी केली. नवऱ्याला पाणी द्यायचं झालं तरी त्या दीपमालाला सांगत, "तू दे वं, माह्या हातचं नको." खुशालराव ओरडायचे, "अरे, हिनं मले विष देलं का?" पण आवाजात जोर नव्हता, आणि बाई उत्तर देत नव्हत्या. जीवन हे रोज बघत होता. रोज रात्री त्याचा निश्चय होई, आणि सकाळी सुट्टीतल्या जादा तासांची घंटा त्याला वाचवी.

मग गोवर्धन गाडी घेऊन आला. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. बाबाला तो अमरावतीला नेणार, तिथेही डायलिसिस होतं, जेवणखाण त्याची बायको बघेल.

"अन् आई?" दीपमालाने विचारलं.

"आई अंजनगावले राहीन. बागेले बी माणूस पायजेच."

खुशालराव दिवाणावर बसले होते. त्यांनी मुलाकडे बघितलं. "तिले बी ने. ती एका कोपऱ्यात राहीन."

"नाही, बाबा. आईचा जीव तुमच्यात आहे, मले समजते. तुमी ताट सरकवलं की ती पुन्हा काहीतरी टाकन. तिच्या हातून एकदा तुमचं हृदय बंद पडलं. दुसऱ्यांदा मले नाही पाह्यचं."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. जयवंताबाई चौकटीशी उभ्या होत्या, हातात आपली पिशवी. ज्या माणसाबरोबर सारा संसार बागेत राबून काढला, त्याचे जे काय दिवस उरले असतील ते आता दुसऱ्या गावी जाणार होते, आणि बाई हूं की चूं न करता पिशवीचे बंद आवळत होत्या. जीवनला ते बघवलं नाही.

"गोवर्धनभाऊ, थांबा," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "मामींची काही चूक नाही. त्यायनं मले इचारलं होतं. खार टाकू का म्हणून, सरळ मलेच. मले वाटलं सोडा. मी म्हटलं चालते, फायदाच आहे. तो खार मी टाकाले लावला."

जीवनला वाटलं, आता गोवर्धन अंगावर येईल. यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पण बोलल्या जयवंताबाई. त्यांनी पदर नीट केला आणि दीपमालाकडे बघत म्हणाल्या, "दीपे, जवाईबापूले म्हणावं, माह्यासाठी काहून खोटं बोलता? मी आजपावतर त्यायच्यासंगं तोंड वर करून एक शब्द बोलली का? ताट वाढलं म्हणून सांगाचं तं तुले सांगतो. अन् खार इचाराले जाईन?"

गोवर्धनने बहिणीकडे बघितलं. हे तर साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. जयवंताबाई जावयाशी बोलत नाहीत, हे लग्नापासून जो तो थट्टेने सांगत आला होता. ह्यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

"नाही, मामी, तुमी इचारलं," जीवन म्हणाला. "दुपारी. दीपमाला बाजारात होती. माह्या कानात मोबाईलचं ते होतं, मी ते काढलं अन्..."

"बस झालं, भाऊजी." गोवर्धनचे डोळे भरले होते. "आईवरचा दोष सोताच्या अंगावर घेऊन राहिले तुमी. असा जवाई भेटाले नशीब लागते." आणि तो वाकला, आणि जीवन मागे सरकेपर्यंत त्याच्या पायांना हात लावून मोकळा झाला.

खुशालरावांनीही भिंतीकडचं तोंड वळवून जावयाकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. जीवनने बाईंकडे बघितलं. त्या पदराआड होत्या, आणि त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

गाडी गेली. दोघांना एकाच गाडीतून नेलं. बाईंना अमरावतीच्या स्टँडवर अंजनगावच्या एसटीत बसवायचं ठरलं होतं. दीपमाला फाटकापर्यंत पोचवून आली, आणि पुढच्या खोलीत येऊन बसली.

"तुमाले आईनं इचारलं होतं ना?" ती म्हणाली.

"हो."

"मले माहीत होतं. माह्या घरात आई पाणी बी इचारल्याशिवाय पीत नाही. तिनं तुमच्या हो शिवाय बाबाच्या वरणात थेंब नसता टाकला." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे जीवनला जास्त भीती वाटली. "तुमाले वाचवाले नाही बोलली ती. मले ह्या घरात नांदाचं आहे, म्हणून बोलली. लेकीच्या नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून."

त्याने म्हटलं, "मी उद्या अमरावतीले जातो. पुन्हा सांगतो."

दिवेलागणीला गोवर्धनचा फोन आला. दीपमालाने उचलला. बाबा पोचले, पण जेवायला बसत नाहीत. आईची एसटी मिळाली, ती खिडकीशी बसली, रडली नाही. दीपमाला ऐकत होती. जीवन तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"दे माह्याजवळ. आता सांगतो. तू बी म्हण की खरं आहे. तुह्यावर विश्वास ठेवीन तो."

दीपमालाने फोन छातीशी धरला, म्हणजे पलीकडे आवाज जाऊ नये.

"काय सांगसान त्याले?" ती हळूच म्हणाली. "माही आई साऱ्यायच्या देखत खोटी बोलली म्हणून?"

जीवनचा हात तसाच राहिला. दीपमालाने फोन परत कानाला लावला, भावाला म्हणाली, "बरं," आणि बंद केला.